संध्याकाळी सातचा कार्यक्रम

कार्यक्रमपत्रिका आठ पानी होती, गुळगुळीत कागदाची. तीन दिवस, तीन सभागृहं, सकाळी साडेनऊपासून सत्रामागून सत्रं. पूर्णा जंक्शनच्या बाकावर बसून माझ्या मित्रानं ती मांडीवर उलगडली, इंग्रजी अक्षरं जुळवत शेवटच्या पानापर्यंत गेला आणि प्रत्येक दिवसाच्या तळाशी असलेल्या ओळीवर बोट ठेवलं. सायंकाळी सात, सांस्कृतिक कार्यक्रम. "हे आपलं," तो म्हणाला आणि पत्रिकेची घडी करून शर्टाच्या खिशात घातली.

परिषद मुंबईत होती, क्विअर अभ्यासाची, आंतरराष्ट्रीय. 'क्विअर'ला मराठीत सगळ्यांनी मान्य केलेला प्रतिशब्द अजून नाही. समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी आणि या कुठल्याच खणात न बसणारी माणसं, अशा सगळ्यांसाठी मिळून तो वापरतात. मित्राला तो शब्द ठाऊक नव्हता. मुंबईतल्या एका कार्यकर्त्यानं त्याला फोन करून विचारलं होतं, आराध्याची गाणी म्हणशील का, बाहेरदेशातून माणसं येणार आहेत. तो लगेच हो म्हणाला होता.

आम्ही दोघंही चुडाव्याचे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातलं, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं हे गाव. एका अंगाला पूर्णा जंक्शन, दुसऱ्या अंगाला लिंबगाव आणि पुढं नांदेड. मुंबईची गाडी धरायची तर आधी पूर्णा नाहीतर नांदेड गाठायचं, ही इथली जुनी रीत. शिवारात कापूस, सोयाबीन, हळद. गावात देवीचं ठाणं, आणि नवरात्रात त्या ठाण्यापुढं रात्र रात्र चालणारा आराध्यांचा मेळा. मित्राचं नाव मी लिहीत नाही. त्याची माय अजून गावात राहते. त्याच्याबद्दल गावाला सगळं माहीत आहे आणि कुणीच ते बोलून दाखवत नाही. हे न बोलणं मोडण्याचा हक्क मला नाही.

मराठवाड्यात आराधी म्हणजे देवीचा माणूस. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, मंगळवारी-शुक्रवारी जोगवा. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, सौंदत्तीची यल्लम्मा, यांच्या नावानं बायका आराधिणी होतात, तसे पुरुषही. त्यातले काही पुरुष देवीपुढं लुगडं नेसतात. तेवढ्या वेळापुरतं गाव त्यांच्या पाया पडतं. सकाळी तोच माणूस पॅन्ट घालून दुकानावर आला की पोरं मागून 'बायल्या' म्हणून ओरडतात. माझा मित्र सोळा वर्षांचा असल्यापासून हे दोन्ही ऐकत आला. गाणं त्याच्या गळ्यात असं होतं की संबळवाला त्याच्यासाठी ताल धरून थांबायचा. मेळा संपल्यावर पंगत बसायची. त्याची पत्रावळ मात्र ओसरीच्या कडेला, पंगतीपासून दोन हात लांब पडायची. कुणी तसं सांगितलेलं नसायचं. वाढणाऱ्याचा हात आपोआप तिकडं वळायचा. पुढं पुढं तो जेवायला थांबेनासा झाला. माय विचारायची, "जेवलास का?" तो हो म्हणायचा. मग तिचा दुसरा प्रश्न यायचा, "बसवून?" त्याला तो उत्तर द्यायचा नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की, परिषदेतली संध्याकाळ ही दिवसभराच्या विचारमंथनानंतरची करमणूक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी माझं भांडण आहे. गेली काही वर्षं मी अशा परिषदा, महोत्सव, मोर्चे यांच्या आगेमागे हिंडतो आहे, आणि दर वेळी पाहतो की आपल्या मुलखात या विषयाचं ज्ञान संध्याकाळच्याच खात्यावर जमा झालेलं आहे.

तमाशाचंच घ्या. गण झाला की गवळण येते, आणि गवळणीत मावशी. ही मावशी पुरुषच असतो, डोक्यावर पदर घेतलेला, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची म्होरकी. कितीतरी मराठी माणसांनी बाईच्या वेशातला पुरुष पहिल्यांदा पाहिला तो या मावशीच्या रूपात, आणि खळखळून हसून पाहिला. तिच्याच जवळचा नाच्या. मराठी चित्रपटात गणपत पाटलांनी ही भूमिका इतकी जिवंत केली की लोकांनी नट आणि भूमिका यांत फरकच ठेवला नाही, आणि त्याची किंमत त्यांना घरादारासकट मोजावी लागली. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा हाच चटका सोसतो. २०१० साली रवी जाधवांनी त्यावर चित्रपट केला तेव्हा आमच्याकडच्या टुरिंग टॉकीजमध्ये शेवटच्या भागात शिट्ट्या बंद झालेल्या मी ऐकल्या आहेत. आणि या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला बालगंधर्व. त्यांच्या साड्या, त्यांचं उभं राहणं घरंदाज बायकांनी उचललं. एकाच भाषेनं एका स्त्रीवेशाला पैठणी नेसवली आणि दुसऱ्याची पत्रावळ बाजूला सरकवली. या फरकात जात किती, पैसा किती, शहर किती, यावर दिवसभर सत्रं घेता येतील. मी ज्या परिषदेला गेलो तिथं त्यावर एकही नव्हतं.

आमच्या भागात दर मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, नांदेड जिल्ह्यात, लोह्याजवळ. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड, अलीकडं लावणी महोत्सवही. लहानपणी आम्ही बैलगाडीनं जायचो. त्या गर्दीत राहुट्यांच्या मागं तृतीयपंथीयांची पालं असायची. सांगलीकडून, हैदराबादकडून, कर्नाटकातून आलेली माणसं तिथं एकमेकांना वर्षानं भेटायची. कुणाचा गुरू वारला, कुणी नवा चेला केला, कुठल्या गावात पोलीस त्रास देतात, कुठला डॉक्टर नीट बोलतो, सगळी खबर तिथं कळायची. आज त्याला 'नेटवर्किंग' म्हणतात आणि पत्रिकेत त्यासाठी चहाची वीस मिनिटं राखून ठेवतात.

मुंबईतली पहिली मोठी बैठक आठवते ती १९९४ सालची. त्या डिसेंबरात जुहूच्या एस. एन. डी. टी. विद्यापीठाच्या आवारात दक्षिण आशियातल्या समलिंगी पुरुषांची परिषद भरली. लंडनचं नाझ फाउंडेशन आणि मुंबईचा हमसफर ट्रस्ट यांनी ती घेतली. हमसफर त्याच वर्षी सुरू झाला होता. त्याचे संस्थापक अशोक राव कवी १९९०पासून 'बॉम्बे दोस्त' नावाचं नियतकालिक काढत होते. परिषद जाहीर होताच भारतीय महिला फेडरेशनच्या विमला फारुकी यांनी पंतप्रधान नरसिंह राव यांना पत्र लिहून ती होऊ देऊ नये अशी मागणी केली. म्हणजे विरोध धर्माच्या नावानं आला तसा डाव्या, स्त्रियांच्या चळवळीतूनही आला. ही गोष्ट विसरू नये असं मला वाटतं, कारण पुढं त्याच चळवळीतल्या कितीतरी बाया या लढ्यात पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी, १९९५ला, मुंबईत स्त्री संगम हा समलिंगी आणि उभयलिंगी स्त्रियांचा गट उभा राहिला; तोच आज लेबिया म्हणून ओळखला जातो.

त्या काळात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पूर्ण जोरात होतं, १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं. हातात मोबाइल नव्हते. माणूस माणसाला कसा भेटत असेल? मुंबईतल्या जुन्या लोकांना मी हा प्रश्न अनेकदा विचारला आहे. उत्तरात विचारसरणी कधी येत नाही, जागा येतात. लोकलचे ठरावीक डबे. काही बागा, काही स्टेशनं. कुलाब्यातलं व्हूडू नावाचं दारूचं ठिकाण, तिथं शनिवारची रात्र या लोकांची असायची. वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत हमसफरला जागा मिळाली आणि तिथं शुक्रवारची बैठक सुरू झाली. चेंबूरचा कारकून, भायखळ्याचा शिंपी, अंधेरीचा मॉडेल एकाच सतरंजीवर बसायचे. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला सांगितलं की पहिले दोन महिने ते फक्त चहा पिऊन परत जायचे, तोंडातून शब्द काढायचे नाहीत. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी त्यांना कप पुढं करताना नावानं हाक मारली. गाडीत बसल्यावर रडू आलं, म्हणाले.

पुढं २००२च्या ऑक्टोबरात इल्गा या क्विअर लोकांच्या जागतिक संघटनेची आशियातली पहिली परिषद मुंबईत झाली. आशियातली पहिली, आणि ती आपल्या मुंबईत. ही नोंद मराठी वाचकाला सहसा कुठं सापडत नाही, म्हणून इथं करतो. दुसरी फिलिपिन्समध्ये सेबूला, तिसरी थायलंडमध्ये चिआंग माईला. चौथी २०१०च्या मार्चमध्ये इंडोनेशियातल्या सुराबायाला व्हायची होती, आणि झालीच नाही. कट्टरपंथीयांच्या जमावानं हॉटेलला वेढा घातला, आलेल्या प्रतिनिधींना बाहेर पडणं मुश्कील झालं आणि परिषद गुंडाळावी लागली. अभ्यासाच्या बाजूनं पाहिलं तर बँकॉकला २००५च्या जुलैत आशियाई क्विअर अभ्यासाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, शेकडो माणसं जमली. एका शहरात लोक रात्री नाचायला बाहेर पडतात आणि दुसऱ्या शहरात त्यांना खोलीची कडी लावून बसावं लागतं. शहर मोकळं आहे की नाही हे दिवसाच्या निबंधांवरून कळत नाही. संध्याकाळी गळ्यातलं ओळखपत्र न काढता रस्त्यावर जाता येतं का, यावरून कळतं.

मुंबई या बाबतीत दोन्ही रूपं दाखवून मोकळी झाली आहे. २ डिसेंबर १९९८ रोजी गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये शिवसैनिक घुसले आणि दीपा मेहतांच्या, दोन बायकांच्या प्रेमावरच्या 'फायर'चा खेळ बंद पाडला. अकरा वर्षांनंतर, २०१०च्या एप्रिलमध्ये, वर्सोव्याच्या सिनेमॅक्समध्ये श्रीधर रंगायन यांनी 'कशिश' हा आंतरराष्ट्रीय क्विअर चित्रपट महोत्सव सुरू केला. मधल्या काळात २ जुलै २००९ला कलम ३७७ सैल करणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला होता. तो निकाल ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं फिरवला, पण महोत्सव थांबला नाही. पुढं तो मरीन लाइन्सच्या लिबर्टीत आला. लिबर्टी १९४९ साली उघडलेलं, लाकडी नक्षीचं, उंच छताचं थिएटर. मध्यंतरात तिथल्या जिन्यावर उभं राहावं. खाली दिवाणखान्यात जरीची साडी नेसलेली पंचावन्न वर्षांची बाई आपल्या मुलाच्या जोडीदाराला सामोसा भरवते आहे, शेजारी डोंबिवलीहून आलेली दोन पोरं हात धरू की नको करत उभी आहेत. रंगायन यांच्या भोवतीच २०१७मध्ये 'स्वीकार' हा पालकांचा गट जमला. २०२३च्या एप्रिलमध्ये लग्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असताना या गटातल्या चारशेहून जास्त आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. १७ ऑक्टोबर २०२३ला निकाल विरोधात गेला. ते आईबाप पुढच्या वर्षी पुन्हा जिन्यावर होते.

मोर्चाचंही सांगायला हवं. मुंबईतला पहिला क्विअर आझादी मार्च १६ ऑगस्ट २००८चा, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत. पुण्यात ११ डिसेंबर २०११. नागपुरात २०१६. ढोल, लेझीम, फेटे, नऊवारी, तोंडावर मुखवटे. पहिल्या वर्षांत मुखवटे जास्त होते.

पुण्याचं काम वेगळ्या जातीचं. अमेरिकेतली संगणक क्षेत्रातली नोकरी सोडून परत आलेल्या बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मुख्य म्हणजे मराठीत लिहायला बसले. 'पार्टनर', 'इंद्रधनु' ही पुस्तकं साध्या, शाळामास्तराच्या मराठीत आहेत, आणि तेच त्यांचं मोल आहे. परभणीच्या एसटी स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडं मी 'पार्टनर'ची प्रत पाहिली आहे, कव्हर आतल्या बाजूला दुमडलेली. कुणीतरी वाचून परत आणून दिलेली. पुणे विद्यापीठात आर. राज राव यांनी समलैंगिक साहित्य शिकवलं, पण ते इंग्रजी विभागात. मराठी विभागांनी हा विषय हातात घ्यायला फार उशीर केला, आणि साहित्य तर हाताशी होतं. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा केली. राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग'मध्ये जोगतिणी-जोगत्यांचं जग आहे. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ची. दिशा पिंकी शेख यांची कविता तर अगदी आजची, पालातून थेट कागदावर आलेली. चेतन दातारांचं 'एक माधवबाग' हे मुलाची डायरी वाचणाऱ्या आईचं नाटक मोना आंबेगावकर एकट्या करतात. ते संपल्यावर प्रेक्षकांतून कुणीतरी उठून आपल्या आईला फोन लावतं, हे मी दोनदा पाहिलं आहे.

आणि सांगलीचं राहून जाता कामा नये. तिथल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनी १९९६मध्ये जी संघटना बांधली तिच्या नावातच परिषद आहे, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. या बायकांनी आणि त्यांच्यासोबतच्या तृतीयपंथीयांनी सुषमा देशपांडे यांच्याबरोबर स्वतःच्या जगण्यावर नाटक उभं केलं आणि स्वतःच त्यात काम केलं. ज्यांच्यावर निबंध वाचले जातात त्याच माणसांनी मंच घेतला. मला या विषयावरच्या शंभर पानी अहवालांपेक्षा त्या नाटकातून जास्त समजलं.

आता आमच्या परिषदेकडं येतो.

नोंदणीच्या टेबलावर एक तक्ता होता. नाव, संस्था, आणि पुढं ओळख: गे, लेस्बियन, ट्रान्स, इतर. मित्र पेन घेऊन बराच वेळ उभा राहिला. 'कोती' हा बायकी वळणाच्या पुरुषांसाठीचा शब्द त्याला माहीत होता, नांदेडच्या एका आरोग्य प्रकल्पात तपासणीला गेला तेव्हा कार्डावर कुणीतरी तोच लिहिला होता आणि त्याला तो आवडला नव्हता. शेवटी त्यानं 'इतर'पुढं देवनागरीत लिहिलं, आराधी. टेबलावरच्या पोरीनं वाचलं, मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि ओळखपत्रावर तेच छापून दिलं. तीन दिवस त्याच्या गळ्यात ते होतं. किमान दहा जणांनी थांबून अर्थ विचारला, आणि प्रत्येकाला त्यानं माहूरपासून सुरुवात करून सांगितलं.

सत्रं सगळी इंग्रजीत. मी जमेल तेवढं त्याच्या कानात मराठी करत होतो. काही निबंध खरोखर चांगले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या नालसा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मिळाला आणि २०१९च्या कायद्यानं पुन्हा जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची अट घातली, त्याचा गावपातळीवर काय अर्थ होतो हे एका तरुण संशोधिकेनं छान उलगडलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी 'दख्खनमधली देवी-परंपरा आणि लिंगभाव' असं सत्र आलं. बोलणाऱ्या बाई परदेशातून आल्या होत्या, अभ्यास मनापासून केलेला होता. पडद्यावर परडी, देवीपुढं पेटवायचा पोत, कवड्यांच्या माळा. मित्र पहिल्या रांगेत ताठ बसला होता. प्रश्नोत्तरांत त्यानं हात वर केला. संचालकांनी त्याला माइक दिला, आणि तो मराठीत बोलायला लागल्यावर वेळ संपत आल्याचं सांगितलं. त्याला एवढंच म्हणायचं होतं की चित्रातला पोत उलट्या हातात धरलेला आहे.

मी चिडलो. तो चिडला नाही. "संध्याकाळी दाखवतो की," म्हणाला.

सभागृहामागच्या खोलीत तयारी चालली होती. लावणी करणारे चार पुरुष, गोरखपुरी पानवाल्यासारखा मिशीवाला एक ढोलकीवाला, कोचीहून आलेला एक नर्तक, आणि आमचा आराधी. एकाच आरशापुढं सात जण. ज्यांनी नऊवारी नेसलेली पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, काष्टा मागं खोचताना दुसरा हात लागतो. लावणीवाल्यांतला थोरला, मुंबईतल्या एका बँकेत काम करणारा, मित्राच्या मागं गुडघ्यावर बसला. दातात चार पिना, हातात निऱ्या. "पोट आत घे," म्हणाला, आणि काठ घोट्यापर्यंत सरळ करून कमरेशी पीन लावली. मग ती पीन बोटानं दाबून पाहिली, टोचत नाही ना म्हणून. मित्र मला नंतर म्हणाला की मला आजवर कुणी दुसऱ्यानं लुगडं नेसवलेलं नव्हतं. गावात तो दार लावून एकटाच नेसायचा.

सातला कार्यक्रम सुरू झाला. लावण्यांना शिट्ट्या पडल्या. चाळ बांधलेले पाय त्या लाकडी मंचावर पडायला लागले तेव्हा मागच्या बाजूला भांडी घासणारी, खुर्च्या लावणारी माणसंही आत येऊन उभी राहिली. तीन दिवसांत प्रथमच परिषदेत तिथली कामगार माणसं प्रेक्षक होती. मग दिवे कमी केले आणि मित्र आला. संबळ नव्हता, ढोलकीवर भागवलं. त्यानं पोत पेटवला नाही, आगीची परवानगी नव्हती; हातात नुसताच धरला, सरळ हातात. आणि गायला. पहिलं गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या नाहीत. लोकांना कळेना की हे भजन आहे की कला, टाळ्या वाजवाव्यात की हात जोडावेत. दारातल्या भांडीवाल्या मावशीनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. मग पुढच्या रांगेतल्या परदेशी बाईंनीही जोडले. नंतर त्या दुभाषी घेऊन त्याच्याकडं आल्या, वही काढली, आणि मंचाच्या पायरीवर बसून तास-दीड तास त्याला विचारत राहिल्या. पोताचा हात त्यांनी वहीत काढून घेतला, बाण करून.

हा तास-दीड तास सत्र म्हणून पत्रिकेत असायला हवा होता, असं माझं म्हणणं आहे. त्याला लागून एक व्यवहाराची गोष्ट. निबंध वाचणाऱ्यांना प्रवासखर्च होता, हॉटेल होतं. कलाकारांना शेवटी पाकीट मिळालं, आणि मित्राचं पाकीट त्याच्या स्लीपर डब्याच्या जाण्यायेण्याच्या भाड्यालाही पुरं पडलं नाही. आयोजक वाईट माणसं नव्हती. त्यांच्या डोक्यात संध्याकाळ ही सजावटीच्या खर्चात होती. तमाशाच्या फडातसुद्धा नाच्याचा हिस्सा आधी ठरतो. मानधन हा शब्द आपण फार सहज वापरतो. मान देऊन झाला की धन द्यायचं राहून जातं.

गावाकडं असं काही होऊ शकेल का, हा प्रश्न परतीच्या गाडीत आमच्यात निघाला. दूरची उदाहरणं आहेत. तमिळनाडूतलं कूवागम हे लहानसं गाव. तिथं चैत्राच्या सुमारास कूथांडवराच्या, म्हणजे अरावानाच्या, जत्रेला देशभरातून तृतीयपंथी येतात, एका रात्री त्याच्या नावानं ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी विधवा होऊन ती तोडतात. त्या जत्रेच्या आगेमागे विळुप्पुरमला सौंदर्यस्पर्धा, चर्चासत्रं, आरोग्य शिबिरं होतात. जत्रा आधीपासून होती, परिषद तिच्याजवळ जाऊन बसली. काठमांडूत ब्लू डायमंड सोसायटी या क्विअर लोकांच्या संस्थेनं २०१०पासून आपली मिरवणूक गाईजात्रेच्या दिवशीच काढली, कारण त्या सणात वेषांतर करून रस्त्यावर उतरण्याची परंपरा होतीच.

मराठवाड्यात काय कमी आहे? तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार आहे, देवळापासून काही मिनिटांवर. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं विद्यापीठ. माहूर आहे, माळेगाव आहे. आणि मराठवाड्याबाहेर माणसं पुढं गेली आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळनं २०१७मध्ये ज्ञानू ऊर्फ माऊली कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच म्हणून निवडून दिलं. जळगावच्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा महिला वॉर्डातला अर्ज बाद झाला, तेव्हा २०२१च्या जानेवारीत औरंगाबाद खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्या निवडूनही आल्या. माझ्या मित्राला हे मी गाडीत सांगितलं. तो खिडकीबाहेर पाहत होता. जालना गेलं होतं. "माळेगावला सकाळी परिषद आणि रात्री आमचा मेळा," तो म्हणाला, "पण सकाळी मलाबी बोलू देणार असतील तर."

पूर्ण्याला उतरलो, तिथून पॅसेंजरनं चुडावा. त्याच्या खांद्याला परिषदेत मिळालेली कापडी पिशवी होती, इंग्रजी अक्षरं छापलेली, आत लुगडं आणि परडी. माय दारातच बसली होती, हळदीची बोटं निवडत. तिनं पिशवी हातात घेऊन कापड चिमटीत धरून पाहिलं, जाड आहे म्हणाली, आणि त्यातलं लुगडं काढून वलणीवर टाकलं. शेजारची बाई अंगणात होती. तिच्यासमोर टाकलं.

"गायलास का?"

"गायलो."

"जेवू घातलं का त्यायनी?"

"घातलं."

तिनं हळदीची पाटी बाजूला केली. "बसवून?"

मित्रानं माझ्याकडं पाहिलं. तीन दिवस जेवण टेबलांवर मांडलेलं असायचं. प्राध्यापक, ढोलकीवाला, परदेशी बाई, ज्यानं त्यानं ताट हातात घेऊन जिथं जागा मिळेल तिथं जेवायचं.

"नाही," तो म्हणाला. "सगळेच हुबे होते, माय."